पाच शब्दांच्या आत

आमचे मराठीचे सर दुसऱ्याचे शब्द तोंडात घेताना स्वतःचा कान धरायचे. उजव्या हाताच्या चिमटीत उजव्या कानाची पाळी. शब्द संपले की पाळी सुटायची. गाणारी माणसं गुरूचं नाव घेताना कानाला हात लावतात तसंच काहीसं. पण सरांना गाण्याचा गंध नव्हता आणि त्यांच्या कान धरण्यात भक्तीपेक्षा व्याकरण जास्त होतं.

"फळ्यावर अवतरणचिन्ह दिसतं. बोलताना कुटं दिसतंय? म्हनून कान," असं त्यांनी अकरावीच्या पहिल्याच तासाला सांगितलं आणि आम्हा त्रेचाळीस जणांनाही तेच करायला लावलं. धड्यातलं वाक्य असेल तर कान धरून वाचायचं. स्वतःचं मत सांगताना कान सोडायचा. आमच्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःचं मत नव्हतं, त्यामुळे त्यांचे कान वर्षभर लाल राहिले.

एकदा कॉलेजात तपासणीला एक साहेब आले. वर्गात पाऊल टाकतात तर अख्खा वर्ग कान धरून एका सुरात वाचतोय. साहेब दारातच थांबले.

"यांनी काय केलंय?" त्यांनी विचारलं.

"काही न्हाई साहेब. दुसऱ्याचं बोलत्यात."

साहेबांना ते कळलं नाही. पण तपासणीला आलेला माणूस कळलं नाही असं म्हणत नसतो. ते पुढे आले आणि आम्हाला चार उपदेशाचे शब्द सांगू लागले. "थोर लोक म्हणून गेले आहेत," असं म्हणून त्यांनी एक लांबलचक वाक्य घेतलं. सर शांतपणे ऐकत होते. वाक्य संपल्यावर अदबीनं म्हणाले, "साहेब, कोन म्हनून गेलं?" साहेबांना आठवेना. सर म्हणाले, "हरकत न्हाई. पन कान तेवढा धरायचा राहिला." आणि त्या भल्या माणसानं खरोखरच कान धरला. सरांच्या आवाजातच तसं काहीतरी होतं. बैल वळवणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

सर जवळच्याच औंढे गावचे. घरची भातशेती, दोन बैल, एक म्हैस. सकाळी गोठा उरकून ते जुन्या स्कूटरवरून लोणावळ्याला कॉलेजात यायचे, ते पँटच्या काठाला चिखल आणि पायांपाशी शब्दकोश घेऊनच. शब्दकोश युरियाच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेला असायचा, कारण आमच्याकडच्या पावसात तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. लिहिताना त्यांची मराठी इस्त्रीची होती. बोलताना थेट बांधावरची. वर्गात कुणी हसलं तर म्हणायचे, "ल्हायचं पुण्याचं, बोलायचं आईचं. दोन्ही आलं पायजे."

माझं सांगायचं तर आमचं गाद्यांचं दुकान. अब्बा गाद्या-उशा शिवतात, कापूस पिंजतात. खंडाळ्याचे बंगले आणि हॉटेलं आमची गिऱ्हाइकं. दर पावसाळ्यात त्यांच्या गाद्यांना बुरशी येते आणि आमच्या घरात आनंद होतो. मी वर्गात बरी होते, वाचायचे भरपूर, आणि त्याबद्दल माझं स्वतःविषयी फार चांगलं मत होतं.

सरांचा सगळा जीव एकाच गोष्टीत होता. एखाद्या कथेबद्दल लिहायचं, तर त्या कथेतले शब्द आपल्या लिहिण्यात आले पाहिजेत; पण चिमूटभर. "मीठ चिमटीनं घालत्यात, घमेल्यानं न्हाई." पाच शब्दांची मर्यादा होती. "पाचाच्या आत अवतरण. सहाव्या शब्दापासनं हमाली." आणि घेतलेले शब्द आपल्या वाक्यात नीट बसले पाहिजेत. "वारंगुळ्याचा बैल आपल्या बैलासंगं एका जुवाला जुपायचा. गाडीच्या मागं दाव्यानं बांधून फिरवायचा न्हाई." शेजाऱ्यानं शेजाऱ्याला बैल द्यायचा तो वारंगुळा, हे मला दुकानदाराच्या मुलीला ठाऊक नव्हतं. त्यासाठी त्यांनी फळ्यावर दोन बैल काढले. ते उंदरांसारखे दिसत होते, पण जू बरोबर होतं.

आम्ही मात्र गाईडवर वाढलेली पोरं. उत्तराला चार ओळी हव्यात तर गाईडमधून चार ओळी उचलायच्या. असल्या ओळींशेजारी सर समासात एकच प्रश्न लिहायचे : "हे कोण बोलतंय?" पहिल्या चाचणीत माझ्या पेपरावर तो अकरा वेळा होता. मी रागानं विचारलं, "सर, मीच बोलतेय."

"तू 'हृदयस्पर्शी चित्रण' म्हनतीस?" त्यांनी दोन शब्दांपुरता कान धरला, सोडला. "घरी, जेवताना? आईला म्हनतीस का, वरण हृदयस्पर्शी झालंय?"

बाजारातही ते असेच वागत. दोन माणसं भांडताना दिसली की स्कूटर उभी करून मध्ये जायचे. "तो मला काय काय बोलला," असं एक जण म्हणाला की सर विचारणार, "नेमके शब्द सांगा." तो आठवू लागायचा. दुसरा म्हणायचा, मी असं नव्हतो म्हणालो. मग दोघंही आठवू लागायचे, आणि आठवण्याच्या नादात भांडण थंड व्हायचं. काही वेळा मात्र नेमके शब्द आठवायचे आणि भांडण दुप्पट पेटायचं. अशा वेळी सर स्कूटरला किक मारून निघून जायचे.

सप्टेंबरात त्यांनी आम्हाला लोहगडावर नेलं. गड दाखवायला नाही. प्रत्येकानं कुणाशी तरी बोलून त्याचे पाच शब्द आणायचे आणि त्यावर एक परिच्छेद लिहायचा. लोहगडवाडीत एक मावशी पिठलं-भाकरी विकत होत्या. वर सगळं धुकं. मी विचारलं, एवढी माणसं चढतात, काय बघतात? मावशींनी तव्यावरून नजर न हलवता सांगितलं, "वर गड न्हाई, मोबाईल बघत्यात."

बरोबर पाच. मी खूश. परिच्छेद लिहून दिला. सरांनी वाचला आणि विचारलं, "मावशींना दाखवलास?"

"त्यांना कशाला, सर?"

"त्यांचं हाय ना."

पुढच्या रविवारी मी परत लोहगडवाडी गाठली. मावशींनी भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी आसं म्हनले? बरं म्हनले की." मग भाकरी तव्यावर टाकून, "टपरीचं नाव बी टाक. खालून तिसरी." मी टाकलं. सरांनी दहापैकी सात दिले. टपरीच्या जाहिरातीचे तीन कापले.

आता ती शिंप्याची गोष्ट. अकरावीच्या पुस्तकात चार पानांची होती. एका शिंप्याची नजर जात चाललेली असते. तो कुणाला सांगत नाही. बायको रोज सकाळी वीस सुया ओवून पाटावर ठेवते आणि तीही काही बोलत नाही. एवढंच. मारामारी नाही, प्रेम नाही, शेवटी कुणी मरतही नाही. वर्गाचं एकमत झालं की गोष्ट रटाळ आहे.

सरांनी ती आठ दिवस शिकवली. एके ठिकाणी शिंप्याचा टाका चुकतो आणि बायको म्हणते, "उजेड कमी आहे." सरांनी हे तीन शब्द फळ्यावर लिहिले. "आता एक वाक्य लिवा. हे तीन शब्द त्यात पायजेत, आन् का घेतले तेबी पायजे." आम्ही लिहिलं, की बायको प्रेमळ होती आणि ती म्हणाली "उजेड कमी आहे". सरांनी फळा पुसला. मग स्वतः लिहिलं : बायको 'उजेड कमी आहे' म्हणते तेव्हा भर दुपार असते.

मी पुस्तक उघडून बघितलं. दोन ओळी आधी खरंच होतं, भर दुपारचं ऊन अंगणात पडलं होतं. मी तो धडा तीनदा वाचला होता. माझ्या अंगावर काटा आला होता, हे आज सांगते. तेव्हा मी शेजारणीला कोपरानं ढोसून जांभई दिली होती.

नवव्या दिवशी सरांनी विचारलं, "या गोष्टीबद्दल कुनाला काही विचारायचंय?" त्रेचाळीस जण गप्प. कुणीतरी पेनाचं टोपण चघळत होतं. सरांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "गोष्ट वाचून एकालाबी काही विचारावंसं वाटत नसंल, तर धडा फाडून फेका आन् होड्या करा. निदान पान्यात तरी कुटं जातील."

वर्ग हसला. मी बाकाखालून त्यांचा फोटो काढला. हात वर, तोंड उघडं, नाकावर खडू. खाली लिहिलं, "धडा फाडून फेका", दोन हसरे चेहरे लावले आणि स्टेटसवर टाकलं. सरांची वाक्यं मी नेहमीच टाकायचे. आमच्या पोरांत त्याला मागणी होती.

मी मोबाईल दप्तरात सारतेय तोवर शेवटच्या बाकावरून आवाज आला. खंडाळ्याची एक मुलगी होती, वडील रेल्वेत गँगमन. ती वर्ष सुरू झाल्यापासून "हजर" याच्या पलीकडे काही बोलली नव्हती. ती उभी राहून म्हणाली, "सर, त्याला माहीत होतं का, की तिला माहितीये?"

सर खुर्चीवर बसले. वर्गात ते कधी बसत नसत. म्हणाले, "तुमाला काय वाटतं?" आणि मग जे सुरू झालं ते तास संपल्याची घंटा झाली तरी थांबेना. निम्मा वर्ग म्हणाला माहीत होतं, निम्मा म्हणाला नव्हतं. जो तो पुस्तकातले शब्द काढून दाखवू लागला, आणि कुणी न सांगता सगळ्यांचे हात कानाकडे जाऊ लागले. इतका चांगला तास मी पुन्हा बघितला नाही.

पण स्टेटस तोवर गेलं होतं. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या ग्रुपांवर तो खडू लागलेला चेहरा फिरत होता. दुसऱ्या दिवशी एका बातम्यांच्या पानानं मथळा दिला की शिक्षकच मुलांना पुस्तकं फाडायला सांगतात. पालकांचा एक जथा प्राचार्या मॅडमकडे आला. त्यातल्या दोघांच्या मुलांनी पुस्तक विकतच घेतलेलं नव्हतं, पण फाडण्याला त्यांचाही विरोध होता. मॅडमनी सरांना चौकशी होईपर्यंत रजेवर पाठवलं. त्यांच्या जागी आलेले गुरुजी गाईड उघडून सांगायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. शिंप्याची गोष्ट हृदयस्पर्शी झाली.

स्टेटस मी कधीच पुसलं होतं. ते कुणी टाकलं हे वर्गाला माहीत होतं, ऑफिसला नव्हतं. सरांना माहीत आहे की नाही, ते मला माहीत नव्हतं. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी दुकानात अब्बांना सांगून टाकलं. ते उशीत कापूस भरत होते. ऐकून घेतलं, आणि हात न थांबवता म्हणाले, "उशीत निम्मा कापूस घातला तर गिऱ्हाईक काय करतं?"

"परत आणतं."

"तू निम्मं वाक्य घातलंस. चल, कुठं राहतात ते?"

औंढ्यात पोचलो तेव्हा सर खळ्यावर भात झोडत होते. पेंढी उचलायची, फळीवर आपटायची. अंगभर कोंडा. त्यांनी आम्हाला पाहिलं, हातातली पेंढी पुरी झोडली, बाजूला ठेवली. "या भाई, बसा," ते अब्बांना म्हणाले. अब्बा बसले. मी उभीच राहिले आणि सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

सरांनी विचारलं, "किती शब्द घेतलेस?"

"तीन, सर."

"तीन." त्यांनी फळीवरचा कोंडा झटकला. "लोकांना मानूस घालवायला पान-पानभर अर्ज ल्हावा लागतो. तू तिनात भागवलंस. छोटं अवतरण तुला आलं म्हनायचं."

सरांच्या पत्नीनं, काकूंनी, चहा आणला. चहा संपल्यावर त्यांनी दुसरी पेंढी उचलली, आणि मला वाटलं झालं, आता आपण जायचं. तेवढ्यात ते म्हणाले, "उरलेलं लिव."

"काय, सर?"

"तीन घेतलेस ना? मागचंबी लिव, पुढचंबी लिव. तासाला काय झालं ते सगळं. माझी बाजू घेऊ नको. मला वकील नको, मला वाक्य पायजे माझं."

मी लिहिलं. अडीच पानं. मग कळलं की चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणजे खंडाळ्याच्या दोन हॉटेलांचे मालक, अब्बांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. मी अब्बांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? गाद्या वेगळ्या, हे वेगळं."

चौकशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाली. अध्यक्ष, मॅडम आणि एक निवृत्त गृहस्थ. सर धुतलेला सदरा घालून आले होते, पण केसांत कोंडा तसाच. "तू गादीवाल्यांची ना?" अध्यक्षांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि वाचायला लागले. शिंप्याचे शब्द आले तिथे कान धरला. सवयच झाली होती. वाचून संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "ते ठीक. पण ही गोष्ट आहे तरी काय? द्या बघू पुस्तक."

मॅडमनी पुस्तक दिलं. अध्यक्ष ओळींवर बोट ठेवून वाचू लागले. चार पानं वाचायला त्यांना बराच वेळ लागला. चहावर साय धरली. आम्ही सगळे त्यांचं बोट बघत होतो. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी एक पान मागे उलटलं, पुन्हा पुढे आले.

"म्हणजे त्याला कळलेलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?" मॅडम म्हणाल्या.

"शिंप्याला हो."

"कळलेलंच असणार," मॅडम म्हणाल्या. निवृत्त गृहस्थ म्हणाले, छे, कळलं असतं तर त्यानं काम सोडलं असतं, पुरुषाचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. मॅडमनी पुस्तक ओढून घेतलं आणि एक ओळ दाखवली. गृहस्थांनी दुसरी दाखवली. अध्यक्ष म्हणाले, थांबा, इथे बघा काय लिहिलंय. दहा-पंधरा मिनिटं समिती भांडत होती. सर पंख्याकडे बघत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण पाय हलत होता.

सर परत आले. समितीनं त्यांना पत्र दिलं, की वर्गात यापुढे 'फाडणे' या क्रियापदाचा वापर टाळावा. सरांनी उत्तरादाखल शुद्ध प्रमाण मराठीत विचारणा केली, की 'डोळे फाडून बघणे' यास परवानगी आहे काय, आणि 'फाडणे' बंद झाल्यास 'टराटरा' या शब्दानं कुठे जावं. त्याला उत्तर आलं नाही. अध्यक्षांनी त्या हंगामात हॉटेलांना फोमच्या गाद्या घेतल्या. अब्बा म्हणाले, फोमलाही बुरशी लागते, फक्त जरा उशिरा.

मला वाटलं, सगळं निस्तरलं. आता मी वर्गातली हिरोईन. पहिल्याच तासाला सरांनी एका कागदाच्या झेरॉक्स वाटल्या. माझं निवेदन होतं. वरचं नाव झाकलेलं, पण कुणाचं ते न कळण्याइतकं कुणी बावळट नव्हतं.

"हा नवा धडा," सर म्हणाले. "यातनं पाचाच्या आत शब्द घ्या आन् लेखिकेबद्दल एक परिच्छेद लिवा."

"मी पण, सर?" मी विचारलं.

"तू तर आधी."

दुसऱ्या दिवशी सरांनी परिच्छेद वाचून दाखवायला सांगितलं. बहुतेकांनी माझं कौतुक केलं होतं. मीही माझं बऱ्यापैकी केलं होतं. मग खंडाळ्याची ती मुलगी उठली. तिनं कान धरला, सोडला, परत धरला. तिचं लिहिणं लहानसं होतं. ते मला अजून पाठ आहे : "लेखिका लिहिते की हे वाक्य तिच्याकडून 'चुकून गेलं'. पण तिनं फोटो काढला, वाक्यातले तीनच शब्द निवडले, खाली दोन चेहरे लावले. याला वेळ लागतो. बाकी निवेदन खरं आहे. 'चुकून' खोटं आहे."

ती माझ्याकडे न बघता खाली बसली. सरांनी तिला दहापैकी नऊ दिले, तेही सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगून. माझ्याकडे पाहिलं नाही. पुढचा परिच्छेद वाचायला सांगितला.

त्या मुलीचा मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. याआधीही कधी बोलले नव्हते, पण आता ठरवून बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी प्राचार्या मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि माझं निवेदन मागितलं.

"प्रकरण मिटलंय गं," मॅडम म्हणाल्या. "आता काय?"

"एक शब्द चुकलाय, मॅडम."

"शुद्धलेखनाचं असेल तर राहू दे."

"शुद्धलेखनाचं नाही."

त्यांनी फाईल काढून दिली. मी 'चुकून गेलं' यावर रेघ मारली. वर लिहिलं, 'हसण्यासाठी टाकलं'. बाजूला सही केली. मॅडमनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि फाईल पुन्हा कपाटात ठेवली.

बाहेर आले तर फाटकापाशी सर स्कूटरला किक मारत होते. ती काही सुरू होत नव्हती. मला ऑफिसातून येताना त्यांनी पाहिलं होतं.

"काय काम हुतं?"

"निवेदनातला शब्द खोडला, सर."

"कंचा?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. आणखी दोन किका मारून पाहिल्या, मग हँडल धरून स्कूटर रस्त्याकडे वळवली आणि तिच्यावर चढून बसले.

"मग ढकल आता," ते म्हणाले.

मी दप्तर पाठीला लावलं आणि ढकलायला लागले. पायांपाशी शब्दकोश, वर सर. वजन चांगलंच होतं. बाजाराच्या उतारापर्यंत मला घाम फुटला. तिथे एकदम गचका बसला, धुराचा लोट माझ्या तोंडावर आला आणि स्कूटर सुटली. सर मागे वळले नाहीत. वळले असते तर ती बंद पडली असती.